भावोजींचा दम

आमच्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे भावोजींना, आयुष्यात दोन गोष्टींचा गर्व होता. एक म्हणजे आपली फुप्फुसं, आणि दुसरी म्हणजे आपल्याला कसलाही गर्व नाही ही. दुसरीबद्दल ते फारसं बोलत नसत. पहिलीबद्दल बोलायला मात्र त्यांना निमित्त लागत नसे. ताईचं घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. कुणी धापा टाकत दारात आलं, की भावोजी पेपरातून डोकं वर काढून चौकशी करत, "काय, दम लागला?" आणि उत्तराची वाट न पाहता सांगत, "आम्हाला नाही लागत."

हा पाहुणा बहुतेक वेळा मी असे.

भावोजी काच फुंकतात. हे सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फुलदाण्या आणि काचेचे हंस येतात, आणि ते भावोजींना सांगितलं की भावोजी जेवायचे थांबतात. त्यांनी उभ्या जन्मात एकही हंस केलेला नाही. एका मोठ्या कॉलेजच्या विज्ञान विभागामागे जे लांबट वर्कशॉप आहे, तिथे ते प्रयोगशाळेची उपकरणं बनवतात. नळीत नळी, तिच्याभोवती तिसरीचं वेटोळं, एकीतून पाणी जायचं, दुसरीतून वाफ, आणि दोघींनी जन्मात एकमेकींना भेटायचं नाही. मी एकदा म्हणालो होतो, की ही रचना आपल्या काही नातेवाइकांसारखी आहे. भावोजी हसले नाहीत. काचेवरचा विनोद त्यांना चालत नाही.

त्यांना काम करताना पाहणं हा एक सोहळा आहे, पण संथ. डोळ्यांवर जांभळट चष्मा, त्यातून ज्योतीचा पिवळा झगझगाट दिसत नाही. तोंडात रबरी नळीचं टोक, नळीचं दुसरं टोक काचेला. दोन्ही हातांची बोटं काच सारखी फिरवत असतात, कारण फिरवायची थांबली की तापलेली काच एका बाजूला ओघळते. ती नारिंगी झाली, लोळायला लागली, की ज्योतीबाहेर काढायची आणि फुंकायचं. फुंकायचं म्हणणंही जास्तच झालं. गरम चहावर आपण मारतो तेवढीसुद्धा फुंकर नाही. गाल जरासा फुगतो, पुटकन हवा जाते, भावोजी थांबतात, टोकाकडे टक लावून पाहतात, मग पुन्हा एक पुटकन.

"जोरात फुंकणारा माणूस या कामात आठवडाभर टिकतो," ते म्हणत. "तोही फुटलेलं गोळा करायला."

फक्त एकाच वेळी ते जोर लावत. नळीला बाजूने भोक पाडायचं असलं, की एका ठिपक्यावर बारीक ज्योत धरायची, तो ठिपका लाल झाला की सगळा जीव लावून एकच फुंक. तिथे कागदाहून पातळ फुगा येतो, फट् करून फुटतो आणि त्याचे चकाकते पापुद्रे हवेत तरंगत राहतात. ताईला एवढंच बघायला आवडतं. बाकी वेळी, ती म्हणते, नवरा फुंकतोय की झोपलाय ते जवळ जाऊन बघावं लागतं.

ताई त्याच कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. लग्नाआधी तिच्या हातून तसलाच एक नळीत नळीचा कंडेन्सर फुटला आणि तो दुरुस्तीला घेऊन ती वर्कशॉपमध्ये गेली. भावोजींनी चष्मा वर न करता तिला पहिला शब्द सांगितला, "दम धरा." ती दुसऱ्या दिवशी गेली, तेव्हाही तेच. तिसऱ्या दिवशीही. खरं म्हणजे ते काम अर्ध्या तासाचं होतं आणि पहिल्याच संध्याकाळी झालेलं होतं. कंडेन्सर कपाटात ठेवून भावोजी तिला फेऱ्या मारायला लावत होते. ही गोष्ट ताई अजूनही सांगते आणि शेवटी न चुकता म्हणते, "धरला. अजून धरलाय."

आता माझ्याबद्दल. मी एका शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांची कुळं शोधतो. कोणता शब्द कुठून आला, वाटेत कुणाकडे उतरला, कुणाची चाकरी केली, कधी नाव बदललं, हे सगळं मला माहीत असतं. हीच चौकशी माणसांबद्दल केली असती तर मला कुणी उंबऱ्यात उभं केलं नसतं. शब्दांबद्दल केली म्हणून पगार मिळतो. कोशाचं काम 'अ'पासून सुरू झालं तेव्हा माझे केस काळे होते. सध्या आम्ही 'द'वर आहोत आणि केसांबद्दल आम्ही कचेरीत बोलत नाही. शिवाय मी एका साप्ताहिकात शब्दांवर सदर लिहितो. ते वाचणारे किती, हे मला ठाऊक नाही. मध्यंतरी मी आजारी होतो तेव्हा संपादकांनी जुनाच लेख पुन्हा छापला आणि कुणाची तक्रार आली नाही. वाचकांना तो दुसऱ्यांदाही आवडला असावा, असं मी धरून चाललो आहे.

घरात मला 'शास्त्रीबुवा' म्हणतात. हे नाव भावोजींनी ठेवलं. मी जेवताना एकदा 'चमचा' या शब्दाचं मूळ सांगितलं होतं आणि तोवर आमटी निवली होती.

तर 'द' चालू असताना माझ्या टेबलावर 'दम' आला. त्याच आठवड्यात तो ताईच्या घरीही आला.

ताईचा फोन आला. आवाज खाली होता, म्हणजे भावोजी शेजारच्या खोलीत होते. "वर्कशॉपच्या साहेबांनी नियम काढलाय. बर्नरवर बसणाऱ्या सगळ्यांनी श्वासाची तपासणी करून घ्यायची. नापास झाला तो स्टोअरला."

"मग काळजी कसली? भावोजी तर..."

"तू शेवटचा कधी यांच्याबरोबर जिना चढलास?"

मी आठवून पाहिलं. मी जिना चढतो तेव्हा भावोजी वर पेपर वाचत असतात.

"दुसऱ्या मजल्यावर थांबतात," ताई म्हणाली. "त्या समोरच्या दारावरची पाटी वाचत उभे राहतात. वीस वर्षं आहे ती पाटी तिथे. आता गेल्या वर्षापासून रोज वाचतायत. मी विचारलं, काय हो, तर म्हणाले, अक्षर छान आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"स्टोअरला टाकलं तर हा माणूस संपेल," ती म्हणाली. "तू जा त्यांच्याबरोबर. मला त्या दिवशी सकाळी प्रात्यक्षिकं आहेत, दुपारशिवाय सुटता येणार नाही."

"मी जाऊन काय करू?"

"बोल. तू बोलायला लागलास की माणसाला दुसरं काही सुचत नाही. त्यांचं लक्ष घाबरण्यात राहणार नाही."

म्हणजे भूल द्यायला मला नेमण्यात आलं होतं. माझ्या विद्वत्तेचा असा थेट उपयोग आजवर कुणी सुचवला नव्हता. मी रजा टाकली.

तपासणीच्या ठिकाणी भिंतीला टेकून खुर्च्यांची रांग होती. भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. छाती पुढे काढून ते असे बसले होते, की तपासणी बाहेरच सुरू झाली असावी. शेजारी हातात पिशवी घेतलेल्या एक बाई होत्या. मी वेळ न घालवता कामाला लागलो.

"भावोजी, दम हा शब्द एक नाहीये."

"हं."

"म्हणजे दिसायला एक. पण आतून वेगवेगळ्या घरचे लोक एकाच नावाने राहतायत. आता, दम लागला, दम खा, एका दमात, हा जो श्वासाचा दम आहे ना, तो फारसीतला."

"बरं."

"आणि त्या फारसी दमाचा एक लांबचा भाऊ संस्कृतात आहे. धम्. म्हणजे फुंकणे. आपण धमनी म्हणतो ना रक्तवाहिनीला? तिचा जुना अर्थ नळी. फुंकायची नळी."

भावोजींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "काचेची?"

"काचेची असेल असं नाही."

"मग," म्हणून ते पुन्हा समोर पाहू लागले.

मी खचलो नाही. "दुसरा दम अगदी निराळा. तो संस्कृतातला, शम-दम म्हणतात त्यातला. त्याचा श्वासाशी संबंध नाही. त्याचा अर्थ आवरणं, ताब्यात ठेवणं. इंग्रजीत जनावर माणसाळवतात त्याला जो शब्द आहे, तो याच्याच कुळातला. आणि तिसरा तर फार जुना, वेदांमधला. दम म्हणजे घर. दंपती शब्दात तोच बसलाय. दंपती म्हणजे घराचे मालक, दोघं."

"दोघं?" भावोजी म्हणाले. "तुमच्या ताईला विचारलंत का?"

पिशवीवाल्या बाई हसल्या. मला तेवढं पुरलं. मी त्यांनाही व्याख्यानात सामील करून घेतलं. रशियन माणूस घराला अजून 'दोम' म्हणतो. तुर्की माणसाला दम म्हटलं की छप्पर दिसतं, पण ते छप्पर या घराचं नव्हे, त्याचं कूळ वेगळं. इंग्रजाचा डॅम म्हणजे पाणी अडवणारा बंधारा, आणि डेन्मार्कमध्ये जावं तर त्याच तीन अक्षरांचा अर्थ तळं. एकाने भिंत उचलली, दुसऱ्याने पाणी. "म्हणजे बघा," मी म्हणालो, "कुणाचा श्वास, कुणाचं घर, कुणाचं छप्पर, कुणाचं तळं, आणि आपण मात्र..."

"तुम्ही डॉक्टर आहात का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं," म्हणून त्या दोन खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसल्या.

तेवढ्यात आतून भावोजींच्या नावाचा पुकारा झाला. ते उठले, शर्ट खाली ओढला. आणि मला, का कोण जाणे, काहीतरी धीराचं बोलावंसं वाटलं. मी म्हणालो, "लक्षात ठेवा, भावोजी. आपला मूळचा दम म्हणजे संयम."

ते आत गेले.

दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं दिसलं. तपासणी करणारी मुलगी अंगाने बारीक पण आवाजाने दांडगी होती. दिवसभर माणसांवर ओरडून त्यांचा श्वास काढून घ्यायचा हे तिचं काम, आणि ते तिला आवडत असावं. तिने भावोजींच्या नाकाला चिमटा लावला, मशीनच्या दांडीला पुठ्ठ्याची नळी बसवली आणि दांडी त्यांच्या हातात दिली. "काका, पूर्ण श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट, आणि मी म्हटलं की जोरात फुंकायचं, संपेपर्यंत. घ्या. घ्या. फुंका, फुंका, फुंका, फुंका."

भावोजींनी फुंकलं. तिने पडद्याकडे पाहिलं.

"जोरात, काका."

"जोरातच आहे," चिमटा लावलेल्या नाकातून भावोजी म्हणाले.

"पुन्हा. आणि ती दांडी फिरवू नका. धरून ठेवा नुसती. फुंका, फुंका, फुंका."

तीनदा झालं. मी मान लांबवून पडद्याकडे पाहिलं. तिथे म्हणे उंच कडा चढावा आणि मग उतार लागावा, अशी रेघ यायला हवी. भावोजींची रेघ पाठ न झालेली कविता म्हणणाऱ्या पोरासारखी, थोडी पुढे, थांबली, थोडी पुढे, थांबली. मुलगी गंभीर झाली. मशीन बिघडलं असावं, असं तिला वाटलं. तिने दारातून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही या जरा. फुंकून बघा. मशीन तपासायचंय."

मी आनंदाने गेलो. नवी नळी बसली, चिमटा लागला. मी सकाळपासून एकटाच बोलत होतो, तेव्हा छाती कमावलेलीच होती. ती ओरडली, मी फुंकलं. रेघ झर्रकन वर गेली आणि, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो असं लक्षात यावं तशी, लगेच परत फिरली.

"मशीन ठीक आहे," मुलगी म्हणाली. मग पडद्याकडे पुन्हा पाहून, "तुम्ही बसून काम करता का?"

"शब्दकोशात."

"चाला रोज," ती म्हणाली आणि माझाही कागद छापून माझ्या हातात दिला. मी मागितला नव्हता.

भावोजींना तिने बाजूला घेतलं. आवाज उतरवून म्हणाली, की आकडा फार खाली आहे, वयाच्या मानाने निम्मासुद्धा नाही. हा असाच पाठवला तर साहेब काय करतील ते उघड आहे. जेवून, विश्रांती घेऊन दुपारी पुन्हा या, तोवर मी पाठवत नाही. हे ती चांगुलपणाने म्हणाली, पण कुणी चांगुलपणाने बोलायला लागलं की माणूस जास्त घाबरतो.

बाहेर कॅन्टीनमध्ये आम्ही चहा घेतला. भावोजींनी चहावर फुंकरही मारली नाही. पुठ्ठ्याची वापरलेली नळी त्यांनी खिशात घालून आणली होती, का ते त्यांनाही माहीत नसावं.

"स्टोअरला खिडकी आहे," ते बऱ्याच वेळाने म्हणाले.

"मग बरं आहे की. हवा..."

"जाळीची आहे. पलीकडून चिठ्ठी आली की अलीकडून परीक्षानळ्या द्यायच्या. विकत आणलेल्या." मग कप बशीत ठेवत, "त्या सगळ्या सारख्या असतात."

भावोजी इतकं हळू बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: हे माझ्यामुळे झालं. आत जाणाऱ्या माणसाच्या कानात मी 'दम म्हणजे संयम' असं सोडलं होतं. भावोजींनी संयम पाळला. कोशकाराने एका शब्दाचा चुकीचा अर्थ चुकीच्या वेळी पुढे केला, आणि एका कारागिराची खुर्ची गेली. माझ्या सदरात या विषयाचा हृदयस्पर्शी लेख होईल, हाही विचार मनात आला. तो मी परतवून लावला, पण लगेच नाही.

ताई आली तेव्हा तिच्या अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच होता.

"काय झालं?"

"निम्मा," भावोजी म्हणाले.

"काय निम्मा?"

"दम."

ताई खुर्ची ओढून बसली. मी घसा साफ केला. "ताई, चूक माझी आहे." आणि मी सगळं सांगितलं. फारसी, संस्कृत, संयम, आणि माझं शेवटचं वाक्य. ताईने शांतपणे ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो, हा तुम्हाला काय सांगत होता बाहेर?"

भावोजींनी आठवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. "कुठल्यातरी देशात छपराला काहीतरी म्हणतात."

"काय म्हणतात?"

"ते नाही लक्षात."

"आणि आत जाताना काय म्हणाला?"

"आत जाताना? काही म्हणालात का हो तुम्ही?"

मी निर्दोष सुटलो होतो. सुटल्यावर इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

"कसं फुंकलंत ते दाखवा मला," ताई म्हणाली.

"इथे?"

"इथेच. ती नळी आहे ना खिशात."

भावोजींनी नळी काढली. आजूबाजूला पाहिलं, मोठा श्वास घेतला, नळी ओठांत धरली. आणि फुंकलं. म्हणजे, गाल जरासा फुगला, पुटकन हवा गेली, ते थांबले, नळीच्या टोकाकडे टक लावून पाहिलं, पुन्हा एक पुटकन. दोन्ही हातांची बोटं पुठ्ठ्याची नळी एकसारखी फिरवत होती.

ताई थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

"टोकाला काय बघताय?"

"अं?"

"टोकाला. काय बघताय?"

भावोजींनी नळी तोंडातून काढली, तिच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. "फुगतंय का ते," ते हळूच म्हणाले.

"पुठ्ठा आहे तो."

"हो."

"मग जोरात का नाही फुंकत?"

"फुटेल ना," भावोजी म्हणाले, आणि म्हटल्यावर स्वतःच हातातल्या पुठ्ठ्याकडे पाहू लागले.

ताईने कपाळाला हात लावला. हसली नाही, हे तिचं मोठेपण. मी हसायला लागलो होतो, पण माझ्या खिशात माझाही कागद होता, तेव्हा मी चहात बिस्किट बुडवलं.

"पण मी ठरवून नाही करत," भावोजी म्हणाले. "तोंडात नळी आली की आपोआप होतं. ती मुलगी ओरडते तेव्हा तर जास्तच. शेजारी कुणी ओरडलं की आम्ही आणखी हळू फुंकतो. हात हलेल म्हणून." आणि मग, खाली बघत, "दुपारीही तसंच होणार. मला माहितेय."

दुपारी खोलीत एकालाच प्रवेश होता. ताई दारात उभी राहिली, एक पाय आत, एक बाहेर. त्याला मुलीने हरकत घेतली नाही. पांढरा कोट बघून तिला ती मोठी डॉक्टर वाटली असावी. मी ताईच्या खांद्यावरून बघत होतो.

चिमटा लागला, नळी बसली.

"पूर्ण श्वास घ्या, काका," मुलगी म्हणाली.

"थांबा," ताई म्हणाली. मग नवऱ्याला, नेहमीच्या आवाजात, मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तशी, "अहो, भोक पाडायचंय."

भावोजींनी चिमटा लावलेलं नाक तिच्याकडे वळवलं.

"बाजूने. बारीक ज्योत लावली आहे, ठिपका लाल झालाय. फोडायचंच आहे."

"लाल झालाय?"

"चांगला लाल. उशीर केलात तर निवेल."

भावोजींच्या हातांची बोटं थांबली. त्यांनी श्वास घेतला, घेतच राहिले, शर्टाची बटणं ताणली गेली. आणि मुलीने 'फुंका' म्हणायच्या आत त्यांनी जे फुंकलं, त्याने तिच्या टेबलावरचे दोन कागद उडाले असं मी पुढे बरेच दिवस सांगत होतो. कागद पंख्याने उडाले होते. पण पडद्यावरची रेघ खरी होती. ती सरळ वर चढली, कड्यासारखी, आणि मग लांब, सावकाश उतरली. भावोजी लाल होईपर्यंत फुंकत होते. थांबले तेव्हा त्यांनी समोर हवेत पाहिलं. पापुद्रे शोधत असावेत.

"अरे वा," मुलगी म्हणाली. "हे कुठे होतं सकाळी?"

आणखी दोनदा केलं. तिन्ही वेळा ताईने काच तापवून दिली.

मुलीने कागद पाहिला. "वयाच्या मानाने ठीक आहे, काका."

"ठीक?"

"म्हणजे चांगलं आहे. बर्नरवर बसायला हरकत नाही. तसा शेरा देते मी."

ताईने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. क्षणभरच. मग विचारलं, "आणि जिना चढताना थांबतात ते?"

"मी थांबत नाही," भावोजी म्हणाले. "पाटी वाचतो."

मुलीने त्यांच्या पोटाकडे पाहिलं, ताणलेल्या बटणांकडे पाहिलं. "फुप्फुसांचा दोष नाही तो. वजन उतरवा. गोड कमी करा."

परत जाताना भावोजी दोघांच्या पुढे चालत होते. "ठीक म्हणजे काय," ते एकदोनदा मागे वळून म्हणाले. "ठीक हा काय शब्द आहे?" मला त्याचं मूळ ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. मी सुधारतो आहे.

त्या संध्याकाळी ते घरी न येता थेट वर्कशॉपला गेले. साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला आणि बर्नर लावला. काय काम होतं, असं ताईने रात्री विचारलं, तर म्हणाले, काही नाही, एका नळीला दोन-चार भोकं पाडली. कुणी मागितली होती? कुणी नाही.

माझा 'दम' अजून टेबलावर आहे. फारसी, संस्कृत, घर, सगळं लिहून झालं. वापराची उदाहरणं द्यावी लागतात, तिथे मी 'दम धरणे' याखाली वाट पाहणे असं लिहिलं. मग बराच वेळ विचार करून पुढे काहीच जोडलं नाही. ताईचं उदाहरण कोशात बसण्याइतकं लहान नाही.

मात्र त्या दिवशी छापलेला दुसरा कागद, म्हणजे माझा, ताईने माझ्या खिशातून काढून घेतला. तो आता तिच्या फ्रिजवर लावलेला आहे. येणारा-जाणारा तो वाचतो. माझं इतकं वाचलं गेलेलं दुसरं काही नाही. मी रोज चालावं म्हणून तिने फर्मान काढलं, की संध्याकाळचा चहा तिच्याकडे घ्यायचा. म्हणजे रोज चार मजले.

काल दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि समोरच्या दारावरची पाटी वाचत उभा राहिलो. भावोजी म्हणतात ते खरं आहे, अक्षर छान आहे. शिवाय त्यावरचं आडनाव मला जरा विचित्र वाटलं. ते बहुधा एखाद्या गावावरून आलेलं असावं, किंवा व्यवसायावरून, शेवटचा प्रत्यय नीट पाहायला हवा. मी कठड्याला धरून तो नीट पाहत होतो.

वरून कठड्यावर ओणवून कुणीतरी हाक मारली.

"कोण, शास्त्रीबुवा का?"

मी मान डोलावली. बोलणं तूर्त शक्य नव्हतं.

"दम धरून या," भावोजी म्हणाले. "तुमच्या ताईने चहा अजून टाकला नाहीये."

हे ते पहिल्यांदाच इतक्या सभ्यपणे म्हणाले. मी हात वर करून ऐकल्याची खूण केली आणि पुन्हा पाटीकडे वळलो. प्रत्यय खरोखरच अवघड होता.